जमैकाची प्लेट

"घासतोय?" गुंडूरावानं विचारलं.

टेबलावर पंधरा इंची स्पीकर उताणा पडला होता. बाजूला गाण्याची प्लेट फिरत होती आणि त्या खोल घुमणाऱ्या आवाजावर पत्र्यावर नख ओढल्यासारखं खर्र, खर्र, खर्र चाललं होतं. समोर गाडीवर लिंबू-सोडा पीत उभा असलेला माणूससुद्धा मान वळवून दुकानाकडे बघायला लागला.

"नाही," मी म्हणालो.

"नीट ऐक. स्वल्प थांब, आता तो खालचा सूर येईल. तिथं ऐक."

तो खालचा सूर आला. खर्र.

"लोण्यासारखा चाललाय," मी म्हणालो.

गुंडूरावानं मान हलवली आणि सुई उचलली. स्पीकरच्या मधोमध काळी टोपी चिकटवली, मागच्या लोहचुंबकावर लाल रंगानं बारीक 'गुं' काढला आणि खाली तारीख घातली. ही त्याची सही, चाळीस वर्षांची. मी स्पीकर उचलून टेम्पोत ठेवला आणि घरी न जाता थेट होसकोट्याची वाट धरली. दोन वर्षं माझं हे असंच चाललं होतं.

माझा धंदा साउंडचा. लग्नं, गणपती, करग्याची जत्रा, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे स्पीकर भाड्यानं द्यायचे आणि परत आले की कुठला फाटला ते बघायचं. नाव व्यंकोजी. नाव राजाचं, काम हमालाचं. गुंडूराव आणि मी बळेपेटेतल्या एकाच शाळेत एकाच वर्षी नापास झालो, तेव्हापासून बरोबर आहोत. दोघांचीही घरं चारशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेल्या मराठ्यांची. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि रागावलो की दोन्ही.

फाटलेल्या, जळालेल्या स्पीकरला नवा कोन, म्हणजे कागदाचा शंकू, आणि नवी कॉइल बसवणं हे गुंडूरावाचं काम. सांगायला सोपं आहे. लोहचुंबकाला मध्ये एक गोल फट असते, नखाच्या जाडीची. त्या फटीत तारेची कॉइल कुठंही न टेकता तरंगली पाहिजे. गुंडूराव जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून कॉइलच्या चारी बाजूंना खोचायचा, गोंद वाळला की एकेक पट्टी उपसायचा आणि मग वाजवून बघायचा. केसभर जरी कॉइल एका अंगाला गेली तरी ती घासते. आणि घासणारी कॉइल आज ना उद्या जळतेच. कुणाच्याही हातून दहातली एखादी चुकते, गुंडूरावाच्याही चुकायची. पण त्याचा कान ती पकडायचा, आणि तो कोन फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. कारागीर हातानं ओळखला जातो म्हणतात. गुंडूराव कानानं ओळखला जायचा.

दुसरे लोक अंगठ्यांनी कोन दाबून बघतात. गुंडूरावाला ते पटत नसे. तो म्हणायचा, "हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. कानाला आधी कळतं." त्याची परीक्षा एकच, आणि त्या परीक्षेला एकच प्रश्नपत्रिका. जमैका.

ती प्लेट आमच्याकडे आली ते साल त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी. हेब्बाळच्या शेतकी कॉलेजात शिकणारा केनियाचा एक उंच विद्यार्थी आपला फाटका स्पीकर घेऊन आला होता. दुरुस्त झाल्यावर म्हणाला, माझ्याच प्लेटवर वाजवून दाखवा. कव्हरवर पत्र्याच्या घरापुढं पायरीवर बसलेली तीन माणसं होती. डोक्यावर जटा, अंगावर साधे सदरे, आणि तिघांतला एकही कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. आम्हाला वाटलं साधू आहेत. एका अर्थी होतेच.

गुंडूरावानं सुई ठेवली. आम्ही दोघं भजनी मंडळात वाढलेलो. त्याचे वडील मृदंग वाजवायचे. समेवर थाप पडली पाहिजे हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. आणि इथं समेवर काहीच नाही! ढोलवाला पहिल्या मात्रेला हात वर धरून बसलेला, थाप पडते ती तिसरीला. गिटार वाजते ती आपला पाय जमिनीवरून उचलतो त्या क्षणाला. सगळ्यांनी मिळून सम मोकळी सोडलेली, आणि त्या मोकळ्या जागेखालून तो जाड, गोल सूर हत्तीसारखा चाललेला.

"सम सोडतायत रे," गुंडूराव म्हणाला. "सोडतायत, आणि पडत नाहीत."

त्या विद्यार्थ्यानं मोडक्यातोडक्या कन्नडात गाण्यांचा अर्थ सांगितला. जहाजात कोंबून परमुलखात नेलेल्या माणसांची ही गाणी. त्यांच्या नातवाच्या नातवालाही परत जायचंय, आणि न्यायला जहाज काही येत नाही.

"आपलंही तसंच की," गुंडूराव म्हणाला.

"गप रे. आपले लोक घोड्यावर बसून आले होते. बेड्या घालून नाही."

"घोडे कुठायत आता?"

  तो विद्यार्थी शिक्षण संपवून गेला तेव्हा प्लेट गुंडूरावाकडे ठेवून गेला.

त्या दिवसापासून दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक स्पीकर आधी जमैका वाजवून गेला. कारण सरळ होतं. घासणारी कॉइल सनईत लपते, ढोलताशात लपते, सिनेमातल्या बाईच्या आवाजात तर फारच छान लपते. या प्लेटमध्ये लपायला जागाच नव्हती. मोकळ्या जागाच इतक्या, की टाचणी पडली तरी कळावी. आणि मी पाहिलंय, स्पीकर न्यायला आलेला माणूस, मग तो शेटजी असो, चर्चचा फादर असो की यक्षगानाच्या मेळ्यातला गाणारा भागवत असो, प्लेट सुरू झाली की घाई विसरून स्टुलावर बसायचा. "हे काय आहे?" असं विचारायचा. "जमैका," गुंडूराव सांगायचा, जणू मावशीचं गाव. कितीतरी जणांनी ती विकत मागितली. यानं कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

मलाही ती का धरून ठेवते हे मी नीट सांगू शकत नाही. दुःखाची गाणी आहेत, पण रडत नाहीत. माणूस हरलाय, हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो घाईत नाही. माझ्यासारख्या जन्मभर घाईत असलेल्या माणसाला ते ऐकून बरं वाटायचं.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. यशवंतपूरला एका लग्नात, ऐन मुहूर्ताला माझ्या एका स्पीकरमधून धूर निघाला. नवरीच्या मामानं माझी जी काही पूजा केली ती मी इथं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी स्पीकर उघडला. कॉइल एका अंगाला घासून काळी पडली होती. मागं लाल 'गुं' आणि पंधरा दिवसांपूर्वीची तारीख. मी शिव्यांची उजळणी करत बळेपेटेत गेलो.

दुकानात जमैका चालू होती. टेबलावर कुणाचातरी स्पीकर उघड उघड खरखरत होता. गुंडूराव डोळे मिटून बसला होता आणि चेहऱ्यावर देवळातल्यासारखं समाधान. मी उभाच राहिलो. त्यानं डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला विचारलं, "व्यंका, घासतोय का रे?"

त्याला शंका आली होती. नुसती शंका. मी हो म्हणायला हवं होतं. शिव्या ओठांवर तयार होत्या. पण त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की मी म्हणालो, "नाही. स्वच्छ आहे." आणि त्याचा चेहरा असा उजळला की पुढच्या वेळी खरं बोलणं आणखीच अवघड झालं.

वरचे सूर त्याला ऐकू येईनासे झाले होते. त्याची लेक रक्षिता सर्जापूर रोडला राहते, तिनं डॉक्टरला दाखवलं, कानातलं मशीन आणून दिलं. ते घालून त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल? जमैका लावली. पाच मिनिटांत मशीन काढून डबीत ठेवलं. "डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाजतंय," म्हणाला. डॉक्टर म्हणाले होते, खालचे सूर अजून चांगले आहेत, पण तेही हळूहळू जातील. गुंडूरावानं घरी येऊन बायकोला फक्त पहिलं अर्धं वाक्य सांगितलं. रक्षितानं मला दुसरंही सांगितलं.

गुंडूरावाच्या बायकोनं, कृष्णवेणी वैनींनी, तर कुणाला न सांगता आपला आवाजच बदलून टाकला होता. एके काळी त्यांची हाक तीन घरं ओलांडून जायची. आता त्या छातीतून, पुरुषी, जाड आवाजात बोलतात. त्यांना स्वतःला ते कळलेलं आहे का कोण जाणे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं सर्दी झालीय. माझा आवाज मुळातच रेड्यासारखा, त्यामुळे मला काही करावं लागलं नाही.

दुसरी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. गुंडूराव म्हणायचा, "चीनचा माल आला, दुरुस्त कोण करतंय आता?" मी म्हणायचो, "खरंय." शेवटी मी एकटा उरलो. माझे स्पीकर असे किती फाटणार? एकदा तर महिनाभर एकही फाटला नाही, तेव्हा मीच गोडाउनमध्ये दार लावून घेऊन एका धडधाकट स्पीकरच्या कोनात पेन खुपसलं. त्याच्याकडे काहीतरी न्यायला हवं होतं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली आणि थोडा अभिमानही वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात.

गुंडूरावानं केलेला प्रत्येक स्पीकर मी होसकोट्याला संतोषकुमारकडे न्यायचो. पस्तिशीचा माणूस, औद्योगिक वसाहतीत दोन खोल्यांचं वर्कशॉप, हात चांगला, तोंड जरा जास्त. तो गुंडूरावाचा कोन उचकटायचा आणि नवा बसवायचा. आणि इथं मी एक चूक केली.

पहिल्याच वेळी त्यानं कुठलंतरी सिनेमाचं गाणं लावून स्पीकर माझ्या हातात दिला. मला ते पचेना. जमैका न वाजवता पास झालेला स्पीकर हा पास झालेलाच नाही, ही माझी चाळीस वर्षांची सवय. मग माझ्या मुलानं, विराजनं, प्लेटच्या मधल्या कागदाचा फोटो काढून इंटरनेटवर तीच प्लेट शोधून दिली. पोलंड, ब्राझील, केनिया, कुठकुठल्या लोकांनी खाली लिहिलं होतं. एकानं लिहिलं होतं, बाप गेल्यावर मी फक्त हेच ऐकतो. मी ती संतोषकुमारच्या फोनवर घालून दिली आणि बजावलं, "माझा प्रत्येक स्पीकर यावरच वाजवायचा. दुसरं काही चालणार नाही." तो हसला होता. पुढं त्याला स्वतःलाच तिची चटक लागली. सकाळी वर्कशॉप उघडलं की आधी तीच लावायचा.

आता दोनेक महिन्यांपूर्वीचं. गुंडूरावाला कोनाचा कागद पुरवणारा माणूस धंदा बंद करून गेला. नवा पुरवठादार होसकोट्याला आहे असं कुणीतरी त्याला सांगितलं.

"मी आणतो की," मी घाईघाईनं म्हणालो.

"तुला काय कळतंय कागदातलं? हात लावून बघायला पाहिजे. मला ने."

मी आठवडाभर टाळलं. मग मंगळवार काढला, कारण मंगळवारी संतोषकुमारचं वर्कशॉप बंद असतं. टेम्पो वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला लावला. पुरवठादाराच्या गाळ्यात गुंडूराव कोन हातात घेऊन, उजेडाकडे धरून, टिचकी मारून बघत होता. खूश होता. मीही निवांत झालो होतो. एवढ्यात त्यानं हातातला कोन खाली ठेवला आणि मान वाकडी केली.

"जमैका," तो म्हणाला.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारी कापण्याचं मशीन चाललं होतं, बाहेर लॉरी उभी होती. पण वरचे सूर भिंतीत अडतात, खालचे भिंत ओलांडून येतात. गुंडूरावाला आता तेवढेच येतात, आणि त्यांच्या आड येणारं दुसरं काही त्याला ऐकूच येत नाही.

"भास झाला तुला," मी म्हणालो.

"खुळा की काय? आपली जमैका आहे. दुसरं गाणं." आणि तो चालायला लागला.

मी मागून हाका मारल्या. कागदाचं काय, ऊन फार आहे, चल आधी कॉफी घेऊ. तो थांबला नाही. मेळ्यात आईचा आवाज ऐकलेल्या पोरासारखा तो दोन गल्ल्या ओलांडून गेला. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी मलाही ऐकू आलं आणि आठवलं. परवा मीच संतोषकुमारला फोन करून सांगितलं होतं, बुधवारी सभा आहे, काही कर पण स्पीकर दे. माझ्यासाठी त्यानं सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप उघडलं होतं.

"बन्नि सर, बन्नि!" संतोषकुमार मला बघून ओरडला. बन्नि म्हणजे या. त्याचं बोलणं कन्नडात, पुढचं मी मराठीत सांगतो. "तुमचाच घेतलाय बघा. अजून उघडला नाही."

टेबलावर माझा स्पीकर होता. लाल 'गुं', चार दिवसांपूर्वीची तारीख. फोन त्याला जोडलेला आणि जमैका चालू. गुंडूराव दारातच उभा राहिला. मग आत आला, स्पीकर थोडासा कलता करून आपली सही बघितली, आणि पुन्हा जसा होता तसा ठेवला.

"हे कुणी केलंय?" त्यानं विचारलं.

"आहे एक म्हातारा शहरात," संतोषकुमार म्हणाला. "सरांना विचारा. दर महिन्याला त्याच्याकडून करून घेतात आणि मग माझ्याकडून करून घेतात. मी म्हटलं सर, हा उलटा रस्ता कशाला? काही बोलत नाहीत. अज्जा, तुम्हीच ऐका. घासतंय ऐकू येतं ना?"

गुंडूराव स्पीकरवर वाकला. मला त्याची पाठ दिसत होती. प्लेट त्याच्यासाठी स्वच्छ वाजत होती, पहिल्या दिवसासारखी स्वच्छ. खोलीत माझ्या कानांना ती खरखर असह्य होत होती. त्यानं खूप वेळ ऐकलं. मग मान वर केली आणि स्पीकरकडे नाही, माझ्याकडे बघितलं.  माझ्या तोंडावर जे होतं ते त्यानं वाचलं. कानाचं काम आता तो डोळ्यांनी करायला शिकला होता.

"हो," तो संतोषकुमारला म्हणाला. "घासतंय. वाईट घासतंय."

"तेच म्हणतो मी!"

"उघड बरं. कसं करतोस ते बघू."

संतोषकुमारनं उघडला. गुंडूराव तासभर स्टुलावर बसून बघत होता. मध्ये एकदा म्हणाला, "पट्टी सरळ वर ओढ, वाकडी नको." संतोषकुमारनं सरळ ओढली, आणि बघून म्हणाला, "लाइनमधले दिसता अज्जा."

"होतो," गुंडूराव म्हणाला.

 मला वाटलं तो आता सांगेल, मीच तो म्हातारा. पण त्यानं सांगितलं नाही. उठताना संतोषकुमारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हात चांगला आहे. कान सांभाळ."

परतीच्या वाटेवर के. आर. पुराशी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "किती झाले?"

"काय?"

"माझे. किती उचकटले त्यानं?"

मी खोटं सांगणार होतो. पण म्हणालो, "सगळे. दोन वर्षांतले सगळे."

"त्या आधीचे?"

"ते चांगले होते रे. देवाशपथ चांगले होते."

"आता तू काय सांगशील ते मी कशावरून खरं धरू?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. साठी उलटलेल्या माणसानं रडू नये म्हणतात, मला आवरलं नाही. म्हणालो, "गुंड्या, तुझं दुकान बंद पडलं असतं. तू घरी बसून काय केलं असतंस? माझं चुकलं. पण तुझ्यासाठीच..."

"खोटं बोललास त्याचं काही नाही," तो म्हणाला. "माणूस बोलतो खोटं. मी काय, बायकोशी कमी बोललोय? पण तू प्लेट लावून खोटं बोललास. ती चालू असताना. ती एक जागा होती जिथं काही लपत नव्हतं."

त्याच्या घरापाशी तो उतरताना मी दार उघडायला गेलो तर म्हणाला, "सरी, ठीक आहे, जा तू."

दुसऱ्या आठवड्यात त्यानं दुकान सोडलं. हत्यारं कुणाला दिली ते मला कळलं नाही, मला विचारायचं धाडस झालं नाही. बळेपेटेतून जायची वेळ आली की मी टेम्पो लांबून घ्यायचो. तीन आठवड्यांनी वैनींचा फोन आला, त्याच जाड आवाजात.

"अण्णा, या तुम्ही. जेवतायत, झोपतायत, पण बोलत नाहीत काही. तुमच्यावरचा राग तरी काढू देत."

मी दुपारी गेलो. आमच्याच शहरातल्या श्रीरामपुरात, त्याच्या घरात, पलंगाशेजारी त्यानं प्लेयर आणून ठेवला होता आणि जमैका चालू होती. त्यानं मला बघितलं, बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी बसलो. वैनींनी कॉफी आणून ठेवली. ती दोघांचीही निवली.

एक बाजू संपायच्या बेतात असताना तो म्हणाला, "व्यंका, आता काय वाजतंय?"

"म्हणजे?"

"वरचं. मला जे येत नाही ते. सांग. खरं सांग."

मी घसा साफ केला आणि जवळ सरकलो. "आता झांज आहे, बारीक. प्रत्येक दोन थापांच्या मध्ये. आता मागून एक बाई गातेय, त्याच्या ओळीचं शेपूट तेवढं उचलते. आता तुतारीसारखं काहीतरी आलं. दोन आहेत. एक जरा बेसूर आहे."

"बेसूरच होती ती. नेहमी," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "आणखी?"

मी आणखी कान दिला. त्या सगळ्यावर आणखी एक आवाज होता. चाळीस वर्षं रोज सुई फिरून फिरून प्लेटची चाकोरी झिजून गेली होती. दुकानात स्पीकरच्या खरखरीमागं ती खरखर मी कधी वेगळी ऐकलीच नव्हती. इथं, या शांत खोलीत, गाणं शोधावं लागत होतं.

"आणखी सांग. लपवू नको."

"खरखर आहे," मी म्हणालो. "फार आहे. प्लेट गेलीय, गुंड्या. बेसूर तुतारीसुद्धा मी आठवणीतून सांगितली. गाण्याआधी खरखरच कानात येते."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"म्हणजे दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही आता."

मला वाटलं एकदा, शेवटचं एकदा, नाही रे, चालेल अजून, असं म्हणावं. जीभ उचललीही. "नाही," मी म्हणालो. "कुणाच्याच नाही."

त्यानं मान हलवली. पूर्वी स्पीकर नापास झाला की हलवायचा तशीच, चिडल्यासारखी नाही, कळल्यासारखी.

"मला स्वच्छ वाजतेय," तो म्हणाला. "म्हणजे आता ती मला एकट्यालाच ऐकू येते. आणि मलाही जितके दिवस येईल तितके दिवस."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही, धरलाही नाही. बाजू संपली. तो उठला, प्लेट उलटी केली, फडक्यानं पुसली आणि सुई ठेवली. माझ्या कानात तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं तडतडत राहिलं. गुंडूराव डोळे मिटून ऐकत होता. मी ती अख्खी बाजू संपेपर्यंत तिथं बसून राहिलो.